बोरीबंदर ते इगतपुरी : जीआयपीच्या रुळांवरून चार दिवस

डोंबिवलीला माझ्या मामांच्या देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, एक पितळी बिल्ला आहे. लंबगोल, कडेला दोन भोकं, मधे घासून पुसट झालेली अक्षरं : जी. आय. पी. आर. ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वे. मामांचे आजोबा इगतपुरीच्या लोको शेडमध्ये, म्हणजे इंजिनांच्या कारखान्यात, खलाशी (मदतनीस कामगार) होते, त्यांचा तो. नोकरी सुटली तेव्हा जमा करायला हवा होता, पण त्यांनी केला नाही. "आपल्या घराण्यात तेवढी एकच चोरी," असं मामा मोठ्या अभिमानानं सांगतात.

मामा स्वतः गार्ड म्हणून निवृत्त झाले. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. वय एक्क्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, कान मात्र अजून गाडीच्या आवाजावरून ब्रेकची अवस्था ओळखतात. बिल्ला घेऊन एकदा बोरीबंदरपासून (आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) इगतपुरीपर्यंत जायचं, वाटेत बोरघाटही करायचा, असं ते कित्येक वर्षं म्हणत होते. या श्रावणात मी पुण्याहून चार दिवसांची रजा टाकून त्यांच्याकडे गेले आणि आम्ही निघालो.

रविवार : बोरीबंदर, भायखळा, ठाणे

रविवार निवडला ही पहिली चूक. मेगा ब्लॉक होता, त्यामुळे डोंबिवलीहून निघून बोरीबंदरला पोचायला साडेअकरा वाजले. मामांनी खिशातून छोटी वही काढली आणि लिहिलं : "मुंबई, ११.३४. उशीर ३१ मि. कारण : ब्लॉक." मी हसले तर म्हणाले, "हसतेस काय? गाडी एक मिनिट थांबली तरी गार्डाला कारण लिहावं लागतं. कारण नाही लिहिलं तर दोष गार्डाचा."

दुसरी चूक म्हणजे इमारतीतला संग्रहालयाचा भाग सुटीच्या दिवशी बंद असतो, हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. तुम्ही जाणार असाल तर कामाच्या दिवशी दुपारी जा आणि वेळ आधी विचारून घ्या. बाहेरून पाहायलाही भरपूर आहे, फक्त रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहायला हवं. लोकलच्या धावपळीत वर्षानुवर्षं या इमारतीखालून गेलेल्या माणसानं कधी मान वर केलेली नसते. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ : एक इंग्लंड, एक हिंदुस्थान. घुमटावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती. पाना-फुलांचं, माकडांचं, मोरांचं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. भिंतीवर कंपनीच्या मंडळींचे अर्धपुतळे आहेत, त्यांत जमशेटजी जीजीभाई आणि जगन्नाथ शंकरशेट. पागोटं शोधा, म्हणजे नाना शंकरशेट सापडतात.

पण ही इमारत पाहून कंपनी जोखू नये, असं माझं मत झालं. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं १८७८ मध्ये काम सुरू केलं आणि दहा वर्षांत, सुमारे सोळा लाख रुपयांत, ते पुरं झालं. तोपर्यंत कंपनी चांगली गबर झाली होती. सुरुवात याहून कितीतरी साधी होती. १ ऑगस्ट १८४९ ला ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यानं कंपनी जन्माला आली. त्याच महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला, भांडवल पाच लाख पौंड आणि मुंबई ते कल्याण असा 'प्रायोगिक' मार्ग. जमीन सरकारनं फुकट द्यायची आणि भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी. नफा कमी पडला तर फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या सारा-पट्टीतून.

"म्हणजे घाटा झाला तरी पाच टक्के?" मी विचारलं.

"असा धंदा मला दे, मी उद्या परत कामावर येतो," मामा म्हणाले.

घाई होती ती कापसाची. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकी कापसावर अवलंबून होत्या आणि वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून, पावसात भिजत, धुळीनं माखत मुंबईला यायचा. त्या व्यापाऱ्यांना रेल्वे हवी होती. माणसांनी तिच्यात बसणं हा पुढचा भाग, आणि माणसं इतकी बसतील असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

स्टेशनाच्या हेरिटेज गलीत ठेवलेली जुनी इंजिनं बघून आम्ही भायखळ्याला उतरलो. इथली इमारत बोरीबंदरच्या राजवाड्याच्या तीस वर्षं आधीची, १८५७ च्या सुमाराची. अलीकडे तिची फार जीव लावून दुरुस्ती झाली आणि तिला २०२२ चा युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. ओतीव लोखंडाचे खांब, लाकडी छत, दगडी कमानी. मुंबईतलं कोणतं स्टेशन पाहावं असं मला विचाराल तर हे. पितळी बिल्ल्यावरची अक्षरं मामा खांबाखांबावर शोधत होते. प्लॅटफॉर्मवर बसलेल्या एका पोलीस शिपायानं संशयानं विचारलं, "काका, काही हरवलंय का?" मामांनी त्याला बिल्ला दाखवला. तो दहा मिनिटं हातात धरून बसला. त्याचे आजोबा गिरणीत होते. त्यांचाही बिल्ला होता म्हणे, तो मात्र मोडीत गेला.

ठाण्यापर्यंतची वाट म्हणजे १६ एप्रिल १८५३ चीच वाट. दुपारी साडेतीनच्या सुमारास एकवीस तोफांची सलामी, चौदा डबे, चारशे पाहुणे आणि पुढं साहेब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. चौतीस किलोमीटर. वाटेत शीवला इंजिनांनी पाणी प्यायलं. आमची लोकल शीवला थांबली तेव्हा मामांनी पाण्याची बाटली काढली आणि दोन घोट प्याले. "परंपरा," एवढंच म्हणाले.

आमचं खाणं म्हणाल तर ठाण्याला मिसळ, आणि तिच्याबद्दल जास्त लिहिणार नाही, कारण ठाणेकर भांडायला येतात.

सोमवार : कल्याण, कर्जत, खोपोली

श्रावणी सोमवार. मामांचा उपास. मामीनं पहाटेच उठून साबुदाण्याची खिचडी डब्यात भरली आणि मला बजावलं, "कर्जतला त्यांच्याकडे लक्ष ठेव." का, ते कर्जतला कळलं.

ठाणे ते कल्याण हा टप्पा १ मे १८५४ ला सुरू झाला. त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा लागला आणि मुंब्र्याच्या डोंगरात बोगदे खणावे लागले. पारसिकचा सरळसोट, सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा नंतरचा, १९१६ चा. गंमत अशी की कल्याणला पोचल्यावर कंपनीसमोर दोन रस्ते होते आणि दोन्हींच्या टोकाला सह्याद्रीची भिंत. एक फाटा ईशान्येला थळघाटाकडे, म्हणजे कसाऱ्याच्या घाटाकडे, नाशिक-वऱ्हाडाच्या कापसासाठी. दुसरा आग्नेयेला बोरघाटाकडे, पुणे आणि दख्खनसाठी. कंपनीनं दोन्ही घेतले. आज कल्याणला 'कसारा की कर्जत?' असं विचारत धावणारी माणसं त्याच निर्णयाच्या दोन बाजूंना धावत असतात.

बदलापूरच्या पुढं पाऊस आला तो असा की खिडकी लावायलाही उसंत नाही. नेरळला माथेरानचा डोंगर ढगात कंबरेपर्यंत बुडालेला. शेतांत आवणी होऊन गेली होती, भात गुडघाभर आलेलं.

कर्जतला उतरलो आणि वड्यांचा वास आला. कर्जतचा बटाटावडा ही काही साधी गोष्ट नाही. घाट चढण्याआधी गाडीला मागून जोडइंजिनं लागतात, तेवढ्या दोन-चार मिनिटांत माणसं उड्या मारून वडे घेतात. एका तांत्रिक गरजेनं जन्माला घातलेला हा पदार्थ, असं मला नेहमी वाटतं. मामा वड्याच्या गाडीसमोर उभे राहिले, डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला आणि पुढं निघाले. मी दोन खाल्ले. त्यांनी वहीत लिहिलं : "कर्जत. भाचीचा थांबा ६ मि."

या फलाटावर एक खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे ही जोडइंजिनं लागताना बघणं. बँकर म्हणतात त्यांना. चढ आहे सदतीस फुटाला एक फूट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लोखंडाच्या चाकाला लोखंडाच्या रुळावर, तेही पावसात, हा चढ म्हणजे दमछाक. बँकर मागून हलकेच टेकतं, धक्का जाणवतोही नाही. "आमच्या वेळी चहाचा कप हिंदकळला तर ड्रायव्हरला शिव्या बसायच्या," मामा म्हणाले.

आम्ही मात्र पुण्याच्या गाडीत बसलो नाही. आम्हाला खोपोली हवी होती.

पुणेकर म्हणून मी या मार्गानं शेकडो वेळा गेले असेन, पण पळसदरीला उजवीकडे सुटणारा तो एकेरी रूळ कुठं जातो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो जातो केळवली, डोळवली, लौजीवरून खोपोलीला. आणि १८५६ साली तोच मुख्य मार्ग होता! घाट अजून खोदायचा होता, म्हणून रेल्वे डोंगराच्या पायथ्याशी जिथवर सपाटी मिळेल तिथवर गेली आणि थांबली. १४ जून १८५८ ला वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत दुसरी रेल्वे सुरू झाली. मधे घाट. मग मुंबईचा उतारू खोपोलीला उतरायचा, ऐपतीप्रमाणे पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करायचा, घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचा. १८६३ पर्यंत हे असंच चाललं. जवळजवळ पाच वर्षं खोपोलीच्या भोयांना आणि गाडीवानांना उसंत नसणार.

आमच्या डब्यात एक ठाकर बाई करटोल्यांची पाटी घेऊन बसली होती. करटोली कशी करायची यावर तिनं मला केळवली ते लौजी एवढं व्याख्यान दिलं : बिया काढायच्या नाहीत, मीठ लावून पिळायची नाहीत, खोबरं भरपूर, कांदा थोडा. मग विचारलं, "खोपोलीत कुणाकडं?"

"कुणाकडं नाही. रेल्वे जिथं संपते ते बघायचंय."

"संपत नाय," ती म्हणाली. "हितं थांबते न् मागं जाते."

खोपोलीला फलाटाच्या पुढं रूळ थोडे जातात आणि बफरशी थांबतात. त्यापलीकडे झाडी, घरं आणि त्यावर ढगांत घुसलेला घाट. मामा बफरपाशी बराच वेळ उभे होते. मला मात्र राजवाड्यासमोर जे वाटलं नव्हतं ते इथं वाटलं. कंपनीनं इथं डोंगराकडे मान वर करून पाहिलं असेल आणि तिला घाम फुटला असेल.

खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि विरेश्वराचं देऊळ आहे. पालखीची वाट पाहणारे ते उतारू याच तळ्याकाठी टेकत असणार. सोमवार असल्यानं देवळात रांग होती. उपासाची खिचडी आम्ही तळ्याच्या पायरीवर बसून खाल्ली.

जाणाऱ्यांसाठी : खोपोलीच्या गाड्या मोजक्याच आहेत. उतरल्या उतरल्या परतीची वेळ बघून ठेवा, नाहीतर शिळफाट्यापर्यंत रिक्षा आणि तिथून एसटी हा उद्योग करावा लागतो. आम्हाला करावा लागला नाही, कारण सोबत गार्ड होता. रात्री कर्जतला एका साध्या लॉजवर राहिलो. छपरावर पाऊस रात्रभर वाजत होता.

मंगळवार : बोरघाट

उपास सुटला. मामांनी सकाळी साडेसातला तीन वडे खाल्ले. वहीत नोंद नाही.

लोणावळ्यापर्यंतचं अंतर किती असं, पण या एका घाटावर कंपनीची सगळी कहाणी लिहिलेली आहे. काम सुरू झालं १८५६ च्या जानेवारीत. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली, आणि ठेका विल्यम फेव्हिएलकडे, ज्यानं मुंबई-ठाणे मार्ग बांधला होता. सुमारे पंचवीस किलोमीटरचा चढ, अठराशे फुटांहून जास्त उंची, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. डायनामाइटचा शोध लागायला अजून अवकाश होता. काळ्या पाषाणात हातानं भोकं पाडायची आणि साध्या दारूनं सुरुंग उडवायचे. पावसाळ्याचे चार महिने काम जवळपास थांबायचं, मजूर आपापल्या गावी पेरणीला जायचे, आणि दिवाळीनंतर पुन्हा जमवाजमव. त्यातच पटकीची साथ.

मजुरीही वेळेवर मिळत नसे. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या पगारावरून मजुरांचा मोठा दंगा झाला. मार्चमध्ये फेव्हिएलनं ठेका सोडला. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षाच्या अखेरीस विलायतेहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. आता कुणीही म्हणेल, की बाईनं नवऱ्याचं क्रियाकर्म उरकलं असेल आणि पहिलं जहाज पकडलं असेल. ॲलिस ट्रेडवेलनं तसं केलं नाही. तिनं ठेका स्वतःच्या नावावर चालू ठेवला, फेव्हिएलच्या हाताखाली काम केलेले ॲडमसन आणि क्लाऊझर हे दोघे देखरेखीला नेमले आणि घाट पुरा करून दिला. १८६१ मध्ये या कामावर बेचाळीस हजारांपर्यंत माणसं होती. एवढं तर तेव्हा एखादं शहर असायचं.

हे सगळं मी मामांना सांगत होते आणि गाडी ठाकूरवाडीच्या पुढं जाऊन थांबली. पाच मिनिटं. पंधरा. अर्धा तास. बाहेर धुकं एवढं की शेजारचा रूळ दिसेना. पुढं कुठंतरी दगड आलाय अशी बातमी डब्यातून फिरत फिरत आमच्यापर्यंत आली. मला पोटात गोळा. मामा मात्र खुलले. तासाभरात त्यांनी अर्धा डबा भोवती गोळा केला होता.

अभियांत्रिकीला असलेल्या एका मुलानं विचारलं, "आजोबा, उतारावर ब्रेक गेला तर?"

"त्यासाठी कॅच सायडिंग. मुख्य रुळातून फुटणारा आंधळा रूळ, तो वर चढत जातो. गाडी आवाक्यात नसली तर तिकडे वळते आणि चढावर आपोआप दमते."

"आणि पूर्वी?"

पूर्वी खंडाळ्याखाली 'रिव्हर्सिंग स्टेशन' होतं. डोंगराच्या सोंडेवर वळायला जागाच नाही, म्हणून गाडी टोकापर्यंत न्यायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेनं पुढचा चढ चढायचा. वेलांटीसारखी वाट. विजेची इंजिनं आली त्या सुमारास नवा मार्ग काढून हे प्रकरण बंद झालं. आणि सगळं एका फटक्यात बिनचूक जमलं होतं असंही नाही. १८६७ मध्ये याच घाटातला महूकीमल्ली नावाचा पूल कोसळला आणि बांधकामातल्या उणिवा चव्हाट्यावर आल्या.

सोलापूरला निघालेल्या एका आजींनी हे ऐकता ऐकता फडकं सोडलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दह्याची वाटी. "गाडी थांबली म्हणून पोट थांबतंय व्हय," म्हणत त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक तुकडा दिला. धुक्यात, घाटाच्या मध्यावर खाल्लेली ती शेंगाचटणी मला या प्रवासातली सगळ्यात चांगली चव म्हणून आठवते. कर्जतच्या वड्यानं राग मानू नये.

सव्वा तासानं गाडी हलली. नागनाथ, मंकी हिल. धुकं क्षणभर फाटलं आणि दरीच्या तळाशी हिरवं-पांढरं काहीतरी झळकलं, सगळ्या डब्यातून 'आहाहा' उठलं आणि पुढच्या बोगद्यानं ते गिळलं.

खिडकीची जागा कोणत्या बाजूची घ्यावी, असं पुष्कळ जण विचारतात. घाटात दरी बाजू बदलत राहते, त्यामुळे भांडण नको. दारात मात्र उभं राहू नका. आणि रुळांवरून चालत घाट बघायची हौस असेल तर ती सोडून द्या. बेकायदा आहे, आणि धुक्यात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही.

लोणावळ्यात आम्ही चिक्की घेतली. दुकानदार म्हणाले, "मूळ चिक्की म्हणजे रेल्वेच्या मजुरांना विकली जाणारी गूळदाणी. पोटाला आधार, खिशाला स्वस्त." खरं-खोटं त्यांना ठाऊक, पण बेचाळीस हजार माणसं इथं दगड फोडत होती तर त्यांना कुणीतरी गूळ-दाणे विकलेच असणार.

२१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरनं घाट खुला केला. बर्कली ते पाहायला नव्हता, आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये वारला होता. लोणावळा स्टेशनवर आणि खंडाळ्याच्या वाटेवर ॲलिस ट्रेडवेलच्या नावाची एखादी पाटी दिसते का, म्हणून मी शोधत होते. आम्हाला तरी दिसली नाही. बेचाळीस हजारांतल्या एकाचंही नाव दिसलं नाही, ते तर दिसणारच नव्हतं. मला याचा राग आला आणि मी तो मामांवर काढला. ते म्हणाले, "बोरीबंदरला वाघ-सिंह आहेत ना, पुष्कळ झालं," आणि चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला.

संध्याकाळी परत डोंबिवली. मामीनं अळूचं फदफदं केलं होतं.

बुधवार : थळघाट आणि इगतपुरी

कसाऱ्यापर्यंत लोकलनं, मग मागून येणारी नाशिककडची गाडी. (दोन तिकिटं वेगळी काढावी लागतात, आणि सगळ्या लांब पल्ल्याच्या गाड्या कसाऱ्याला थांबत नाहीत. आधी बघा.) थळघाट बोरघाटापेक्षा लहान, चढ मात्र तेवढाच खडा, सदतीसला एक. तेरा बोगदे. १ जानेवारी १८६५ ला रेल्वे इगतपुरीला पोचली. या घाटावरून कापूस उतरला, इथूनच पुढं भुसावळमार्गे नागपूरचा फाटा १८६७ मध्ये झाला आणि जबलपूरला कलकत्त्याकडून येणाऱ्या रेल्वेशी १८७० मध्ये रूळ जुळले. मुंबई-कलकत्ता सलग. जीआयपीनं दुसरं काहीच केलं नसतं तरी एवढ्यावर ती इतिहासात राहिली असती.

इगतपुरीत पाऊस नव्हता, ऊन होतं, आणि थोड्या वेळानं ऊन-पाऊस दोन्ही होते. घाटनदेवीला जाऊन आलो. तिथून खाली पाहिलं की कोकण किती खोल आहे ते कळतं. परत येऊन भजी खाल्ली. मग मामा म्हणाले, "आता आजोबांचं घर."

मामांना पत्ता माहीत नव्हता. लहानपणी ऐकलेलं एवढंच : लोको शेडच्या मागं चाळ, दारात उंबर. आम्ही दोन तास हिंडलो. दगडी क्वार्टर्स काही उभ्या आहेत, काहींची नुसती जोती उरली आहेत. उंबर तीन सापडले. तिसऱ्या उंबराखाली एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी आम्हाला पाट दिला, चहा दिला आणि "असेल, हेच असेल," असं म्हणून मामांचं समाधान करायचा प्रयत्न केला. मामा हसले, पण मान हलवली नाही.

आजोबांची नोकरी संपात गेली. फेब्रुवारी १९३० मध्ये जीआयपीच्या कामगारांचा मोठा संप झाला. तो मोडला आणि पुष्कळांना परत घेतलं नाही, त्यांतले ते एक. मरेपर्यंत ते 'कंपनीनं काढलं' असं म्हणायचे. मी इथं मामांना एक गोष्ट सांगितली जी त्यांनाही नवी होती. १९०० मध्येच सरकारनं रेल्वे विकत घेतली होती, कंपनी फक्त चालवत होती, आणि १ जुलै १९२५ पासून तर कारभारही थेट सरकारकडे गेला. म्हणजे आजोबांना काढणारी कंपनी तेव्हा उरलीच नव्हती. उरली होती ती नावात आणि बिल्ल्यावर. मध्य रेल्वे हे नाव ५ नोव्हेंबर १९५१ ला आलं.

मामा बराच वेळ गप्प होते. "मग त्यांनी शिव्या कुणाला दिल्या इतकी वर्षं?" म्हणाले.

परतीच्या गाडीला अर्धा तास होता. स्टेशनाकडे येताना एक चावीवाला, म्हणजे रूळ तपासत चालणारा रेल्वे कामगार, भेटला. खांद्यावर लांब पाना, हातात हातोडा, नारिंगी जाकीट, दिवसाची चाल संपवून घरी निघालेला. मामांनी त्याला बिल्ला दाखवला. त्यानं तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "चला, दाखवतो."

रेल्वेच्या हद्दीबाहेर, एका परसाच्या कुंपणाला जुन्या रुळाचा तुकडा खांब म्हणून पुरलेला होता. वर कपड्यांची दोरी बांधलेली. चावीवाल्यानं ओल्या गवतानं तो घासला, मग हातोड्याच्या टोकानं गंजाचा पापुद्रा अलगद काढला. रुळाच्या पोटावर उठावाची अक्षरं होती. जी. आय. पी. आर. पुढं साल होतं, ते गंजानं खाल्लेलं. मामांनी बिल्ला त्या अक्षरांशेजारी धरला. अक्षरांची ठेवण थोडी वेगळी होती. मामा एकदा याकडे, एकदा त्याकडे बघत राहिले. तिकडे आमच्या गाडीची शिट्टी झाली. चावीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघंही काही बोललो नाही. गाडी सुटल्याचा आवाज आला. मागचा डबा फलाट सोडून गेला असावा, तेव्हा मामांनी मान वर केली.

पुढच्या गाडीत, कसारा उतरत असताना, त्यांनी वही काढली. मी खांद्यावरून वाचलं.

"इगतपुरी. उशीर १ तास १० मि. कारण : आजोबा."